करगोटा आणि काटा

माझी आई अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात अंगणवाडी सेविका होती. निवृत्त झाली तेव्हा रजिस्टरं, भांडी, खेळणी, स्प्रिंगचा काटा, सगळं मोजून परत केलं. घरात राहिलं ते एकच कार्ड. घडीवर फाटलेलं, कडांना तेलाचे डाग पडलेलं. ते माझं वाढीचं कार्ड आहे.

माझा जन्म ऑगस्ट १९८६चा. कार्डावर आईच्या हातचे निळ्या शाईचे ठिपके आहेत. पाचव्या महिन्याला ६.४ किलो, सहाव्याला ६.५, सातव्याला पुन्हा ६.५. तिन्ही ठिपके छापील रेषांपैकी सर्वांत वरच्या रेषेच्या वर, म्हणजे 'सर्वसाधारण'. गावातल्या सगळ्या पोरांची वजनं करणाऱ्या बाईने स्वतःच्या पोरीचं वजन करून तिला सर्वसाधारण ठरवलं होतं आणि नियमाने ते बरोबरच होतं.

शंका आली ती आजीला. आजीला काट्यावरचे आकडे वाचता येत नव्हते. संध्याकाळी मला तेल लावताना ती एकदा म्हणाली, "पोर वाढते तर हिचा करगोटा का नाय दाटत?" बारशाला बांधलेला काळा दोरा दर महिन्या-दीड महिन्याला गाठ सोडून सैल करावा लागतो. माझा तीन महिने कुणी हात न लावता तसाच होता.

आई मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कार्ड पाहिलं, छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुणी खोकतं का?" आजोबा खोकत होते. दिवाळीपासून. वाडीत शिंपणं करून आले की ओसरीवर बसून खोकायचे. सगळे म्हणायचे, बिडीचा खोकला. तो बिडीचा नव्हता, क्षयाचा होता. मला जे झालं होतं त्याला आपल्याकडे घरोघरी 'प्रायमरी' म्हणतात. आजोबांना आणि मला एकाच घरात, एकाच वेळी कित्येक महिने औषधं चालू होती. त्यानंतर आजोबा सतरा वर्षं जगले. मी हे लिहिते आहे.

शिकलेल्या आईला जे कार्डावर दिसलं नाही, ते आजीला दोऱ्यात कसं दिसलं? दोनेक वर्षांपूर्वी हे कार्ड पुन्हा हातात आलं आणि या प्रश्नाच्या मागे लागून मी बाळांच्या वजनाचा इतिहास वाचायला लागले.

*

आधी करगोट्याबद्दल. बाळ वाढतं की नाही हे पाहण्याची साधनं आपल्या घरांमध्ये काट्याच्या कितीतरी आधीपासून होती. करगोटा, मनगट्या, पायातले वाळे हे दागिने तर होतेच, पण रोज हाताळली जाणारी मापंही होती. भाषेतही त्याची नोंद आहे. बाळ 'बाळसं धरतं', दूध 'अंगाला लागतं' किंवा लागत नाही, पोर 'वाळतं'. हे सगळे शब्द चालू क्रियेचे आहेत. बाळ किती आहे हे ते सांगत नाहीत, ते कुठे चाललंय हे सांगतात.

पण आजीच्या पिढीचं फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्याच पिढीत पोर वाळलं की दृष्ट काढली जायची, आणि वजन करणं हेच मुळी दृष्ट लागण्याचं कारण मानलं जायचं. आई सांगते, सुरुवातीच्या काळात काही घरांमधून पोराला झोळीत टांगू द्यायचेच नाहीत. शिवाय करगोट्याला आठवण नसते. गाठ कधी सोडली हे लक्षात ठेवणारी बाई घरात असेल तरच ते माप. माझ्या आजीला सात बाळंतपणं झाली आणि चार मुलं जगली. वाळलेल्या तिघांचेही करगोटे तिने पाहिले होतेच. पाहून पुढे काय करायचं, कुणाकडे जायचं, याचं उत्तर तेव्हा तिच्या आसपास नव्हतं. ही गोष्ट मला पुढच्या वाचनात वारंवार आठवत राहिली.

*

निरोगी बाळाला ठरावीक दिवसांनी बोलावून वजन करायचं, ही कल्पना पसरली ती पॅरिसमधून. १८७०च्या युद्धात प्रशियाकडून हरल्यावर फ्रान्सला आपली लोकसंख्या घटते आहे याची धास्ती बसली होती. पिएर ब्युदाँ या प्रसूतितज्ज्ञाने १८९२मध्ये शारिते रुग्णालयात तान्ह्या बाळांसाठी एक बाह्यरुग्ण विभाग उघडला. तिथे जन्मलेल्या बाळांना घेऊन आयांनी दर आठवड्याला यायचं, बाळाचं वजन व्हायचं, आलेख काढला जायचा. अंगावर पाजण्याला उत्तेजन, आणि जिथे ते शक्य नसेल तिथे निर्जंतुक केलेलं दूध. त्या काळी उन्हाळ्यातल्या जुलाबांनी बाळं पटापट जात. ब्युदाँचं म्हणणं साधं होतं : बाळ आजारी पडून आणलं जाईपर्यंत थांबू नका, वजन त्याआधी बोलतं.

वजन काय बोलतं? जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत. दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं. मग पहिले तीन महिने रोजची साधारण २५ ते ३० ग्रॅम भर. पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षात तिप्पट. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वेग मंदावतो, तरी महिन्याला तीन-चारशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. माझी दोन महिन्यांची मिळून वाढ होती शंभर ग्रॅम. आईच्या स्प्रिंग-काट्यावरची सर्वांत बारीक खूण शंभर ग्रॅमचीच होती. पोर हललं, लंगोट ओला असला, तर काटा तेवढा इकडेतिकडे होतोच. म्हणजे माझी वाढ जवळजवळ शून्य होती.

विसाव्या शतकाच्या मध्याला या वजनाकडे पाहण्याच्या दोन रीती तयार झाल्या. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या दोन रीतींच्या ओढाताणीचा आहे.

पहिली मेक्सिकोची. फेदेरिको गोमेझ हे बालरोगतज्ज्ञ मेक्सिको सिटीतल्या रुग्णालयात कुपोषित मुलांवर उपचार करत. दाखल झालेल्यांपैकी कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे हे त्यांना ठरवायचं होतं. १९५६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात मुलाचं वजन त्याच्या वयाच्या अपेक्षित वजनाच्या किती टक्के आहे त्यावरून तीन श्रेणी केलेल्या आहेत : ९० ते ७६ टक्के पहिली, ७५ ते ६१ दुसरी, ६० किंवा त्याखाली तिसरी. खाटेवरच्या मुलासाठी ही विभागणी उपयोगाची होती.

दुसरी नायजेरियाची. डेव्हिड मॉर्ले हे ब्रिटिश डॉक्टर पन्नाशीच्या दशकात इलेशाच्या मिशन रुग्णालयात होते. जवळच्या इमेसी-इले गावात त्यांनी मुलांवर जन्मापासून पाच वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं. त्यातून आलं 'आरोग्याची वाट' दाखवणारं कार्ड. खाली महिने, बाजूला किलो, मध्ये दोन रेषांमधली एक चढती वाट. ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ताब्यात द्यायचं. या मुलाकडे खास लक्ष का द्यायला हवं, हे लिहायला कार्डावर एक चौकट होती : जुळं आहे, आई नाही, आधीची भावंडं गेली, असं काहीही. ठिपका वाटेच्या वर आहे की खाली, याला मॉर्ले दुय्यम मानत. रेघ वर चढतेय, आडवी झालीय की उतरतेय, हे पाहा म्हणत.

गोमेझची पायरी आणि मॉर्लेंची वाट. पायरीला बाळ आज कुठे उभं आहे ते कळतं, वाटेला ते कुठे निघालंय ते. माझी आजी, नकळत, मॉर्लेंच्या बाजूची होती.

*

दोन्ही रीती महाराष्ट्रात आल्या. पायरी आली ती भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या १९७२च्या वर्गीकरणातून : अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर सर्वसाधारण, आणि खाली दहा-दहा टक्क्यांच्या चार श्रेणी. तुलनेला घेतलेलं अपेक्षित वजन होतं अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मुलांचं.

वाट आली ती कोकणातून. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात कासा इथे सत्तरच्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या डॉ. पी. एम. शहा यांनी एक प्रकल्प उभारला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना अर्धवेळ कामावर घेऊन त्यांना मुलांची वजनं करायला, धोक्यातली मुलं ओळखायला शिकवलं.

आणि त्याच सुमारास आमच्या अलिबाग तालुक्यात, मांडव्याला, आणखी एक प्रयोग चालू होता. मांडवा म्हटलं की बहुतेकांना 'अग्निपथ' आठवतो. मला आठवतात डॉ. नोशिर अंतिया. जे. जे. रुग्णालयातले नामांकित प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांना प्रश्न पडला की माणसं इतक्या उशिरा आपल्यापर्यंत का येतात? मांडवा मुंबईच्या अगदी समोर, पण मधे समुद्र. पावसाळ्यात तर आजारी माणसाला लाँचमध्ये घालणं हाच एक धोका. अंतियांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या भागातल्या तीसेक गावांमध्ये, साधारण तीस हजार वस्तीसाठी, गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायला घेतलं. कित्येकींना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, काहींना तेवढंही नाही. या बायका लसीकरण, बाळंतिणींची देखभाल, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणं ही कामं चोख करू लागल्या. १९७५मध्ये अंतियांनी सामूहिक आरोग्याच्या संशोधनासाठी 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था काढली, तिच्यामागे मांडव्याचा अनुभव होता.

दहाएक वर्षांत मांडव्याचं काम थांबलं. स्थानिक राजकारण आणि सरकारी आरोग्य यंत्रणेचा विरोध यांबद्दल अंतियांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. अडाणी बाई खोकणाऱ्या माणसाला ओळखते, औषध वेळेवर घेतोय का पाहते, आणि न घेतल्यास चार लोकांत विचारते, हे वरच्यांना पचणं अवघड होतं. मांडव्याची गोष्ट मी इथे घातली ती एवढ्यासाठी की, आमच्या घरापासून काही कोसांवर, माझ्या जन्माच्या थोडंच आधी, अशा बायका होत्या ज्यांनी ओसरीवरच्या आजोबांना पहिल्याच महिन्यात हेरलं असतं. आमचं गाव त्या तीस गावांत नव्हतं.

*

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी ती हीच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती गावोगाव पसरली आणि तिच्याबरोबर काटा आणि कार्ड. या कार्डावर मॉर्लेंची वाट आणि श्रेणींच्या पायऱ्या एकाच कागदावर छापलेल्या होत्या. कल्पना चांगली होती : सेविकेने दोन्ही पाहावं.

पण महिन्याच्या शेवटी वर जायचा तक्ता वेगळा होता. आईला तो अजून तोंडपाठ आहे. एकूण मुलं, वजन केलेली मुलं, सर्वसाधारण, श्रेणी एक, दोन, तीन, चार. संपला तक्ता. किती मुलांचं वजन गेल्या महिन्यापेक्षा वाढलं नाही, हा रकानाच नव्हता. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या मुलाला दुप्पट आहार मिळे, म्हणून त्या श्रेणींना महत्त्व. माझ्यासारखी पहिल्या रेषेच्या वर राहून आडवी झालेली मुलं त्या तक्त्यात निरोगी मुलांमध्येच मोजली जायची.

यात कुणाचा दुष्टावा नाही. पायऱ्यांची बेरीज करता येते. गावाची, मग बीटची, मग तालुक्याची, मग जिल्ह्याची. दिशांची बेरीज होत नाही. दिशा एकेका बाळाचीच असते आणि ती पाहायला त्या बाळाचं मागचं कार्ड आणि त्याचं घर, दोन्ही माहीत असावं लागतं. कार्यालयाला जे लागतं तेच सेविका आधी शिकते. आई स्वतःच्या पोरीकडेही तक्त्याच्याच नजरेने पाहत होती. हे तिला सांगितलं तेव्हा ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मला शिकवलंच तसं होतं गं. रेष बघ म्हणायचे, पण विचारायचे श्रेणी."

दिशेवर भर देणारा सरकारी प्रयोग झालाच नाही असं नाही. तामिळनाडूमध्ये १९८०मध्ये सुरू झालेल्या पोषण प्रकल्पात दर महिन्याला वजन करून, ज्याची वाढ थांबली त्या मुलाला नव्वद दिवस जादा आहार द्यायचा आणि वाढ पूर्ववत झाली की थांबवायचा, अशी रीत होती. १९८२मध्ये युनिसेफचे जेम्स ग्रँट यांनी जगभरच्या बालकांसाठी चार कलमी कार्यक्रम मांडला, त्यातलं पहिलं कलम वाढीवर लक्ष ठेवणं हेच होतं. काटे वाटले गेले, कार्डं छापली गेली.

आणि मग एक थंड पाण्याचा हबका बसला. तामिळनाडूतल्याच बारा गावांत संशोधकांनी तुलना केली. सगळ्या गावांत आरोग्यसेवा आणि पोषणाचं शिक्षण सारखंच दिलं. निम्म्या गावांत त्याशिवाय वजन आणि कार्डं. अडीच वर्षांनी दोन्हीकडच्या मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही. १९९३मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. डॉ. सी. गोपालन यांच्यासारखे पोषणशास्त्रज्ञ तर आधीपासूनच विचारत होते की एवढा खटाटोप करून कार्डाचा उपयोग प्रत्यक्षात होतो का?

हे वाचून मी थोडी खचले. मग आजीचा हिशेब आठवला : सात बाळंतपणं, चार मुलं. तिला दिसत तर होतंच. दिसल्यावर जायला जागा नव्हती. १९८७ साली ती होती, आणि तिथे बसलेल्या माणसाने छातीला नळी लावून न थांबता घरात कोण खोकतं ते विचारलं. वजन न वाढण्याचं कारण काट्यावर लिहिलेलं नसतं. दूध कमी पडतंय, आई पहाटे बंदरावर जाते आणि बाळ दुपारपर्यंत भातपेजेच्या पाण्यावर असतं, लघवीत जंतुसंसर्ग आहे, हृदयात दोष आहे, आजोबांना क्षय आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. सगळ्यांना एकच खिचडी दिली तर पहिल्या दोघांना थोडाफार फायदा, बाकीच्यांना काहीच नाही.

हा पुढचा प्रश्न विचारला गेला तर काय होतं, याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांच्या घरी पुन्हापुन्हा जायला, वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून तिथेच औषध द्यायला शिकवलं. १९९९च्या त्यांच्या लेखानुसार नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झालं. यात काटा हा पिशवीतल्या अनेक वस्तूंपैकी एक होता. २०११पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला भेटायला जातात, त्याचं मूळ इथे आहे.

*

एव्हाना मापही बदललं होतं. बॉस्टनच्या, आणि नंतर वापरात आलेल्या ओहायोच्या तक्त्यांमधली बरीच बाळं बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. त्याच काळात आपल्याकडे डब्यावरचं गुबगुबीत बाळ आणि गावोगावच्या 'गुटगुटीत बालक' स्पर्धा यांनी निरोगी बाळाची एक प्रतिमा रुजवली होती. १९९२च्या कायद्याने दूधपावडरच्या डब्यावरून बाळाचं चित्र हटलं, मनातून हटायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या आणि बऱ्या परिस्थितीत वाढणाऱ्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. त्यात दक्षिण दिल्लीची मुलंही होती. २००६मध्ये आलेल्या या तक्त्यांनी दाखवलं की नीट खायला-प्यायला मिळालं तर लहानपणी ओस्लोचं बाळ आणि दिल्लीचं बाळ जवळपास सारखंच वाढतं. 'आमची मुलं अंगकाठीनेच बारीक' या समजाचा आधार त्याने काढून घेतला. भारतात २००८पासून हे तक्ते लागू झाले. श्रेणी गेल्या, हिरवा, पिवळा आणि नारिंगी हे रंग आले.

रंग म्हणजे पुन्हा पायऱ्याच. गेल्या वर्षी आईला घेऊन मी तिच्या जुन्या अंगणवाडीत गेले होते. झोळी जाऊन डिजिटल काटा आला आहे, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वजन, उंची मोबाईलमध्ये भरली की २०२१पासून चालू असलेलं पोषण ट्रॅकर ॲप बाळाचा रंग आपोआप सांगतं. माझी ६.४, ६.५, ६.५ ही वजनं मी गंमत म्हणून आजच्या मुलींच्या तक्त्यावर मांडून पाहिली. तिन्ही हिरवी.

आताची सेविका तरुण आहे. तिची खरी अडचण वेगळीच. दिवाळीनंतर कातकरी वाडीतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत त्या बाळांचे ठिपकेच नाहीत. ज्यांची रेष पाहायची सर्वांत जास्त गरज, त्यांचीच रेष तुटलेली. परत आलेलं पोर थेट नारिंगीत सापडतं.

निघताना आईने तिला विचारलं, "हिरव्यातलं पोर अडलं तर तुला कसं कळतं?" तिने टेबलाच्या खणातून एक शाळकरी वही काढली. सरकारी नव्हे, तिची स्वतःची. दोन महिने वजन न हललेल्या बाळांची नावं एकाखाली एक, आणि समोर आकडा न लिहिता एकेक ओळ. 'आई पहाटे मासळीला जाते, परत अकराला.' 'दुसरं लगेच राहिलंय.' 'भट्टीवर, मेमध्ये येतील.' एका नावापुढे लिहिलं होतं : 'आजा खोकतो. सांगितलंय. परत जायचं.'

आईने ती ओळ वाचली आणि विचारलं, "गेलीस का परत?"

"आज दुपारी जायचंय," ती म्हणाली.

"मी येते," आई म्हणाली, आणि चपला घालायला लागली.